कुणीतरी नाही म्हणा

मला मोटारसायकल नको होती. एवढं एक वाक्य मी घरात, दवाखान्यात किंवा शोरूममध्ये, कुठेही तोंड उघडून बोललो असतो, तर आज आमच्या पार्किंगमध्ये तो पिवळाधमक राक्षस उभा नसता. पण मी बोललो नाही. कुणीतरी नाही म्हणेल याची वाट बघत बसलो.

आधीची गाडीही स्पोर्ट्सचीच होती. तिच्यावर बसलं की माणूस हरवलेलं नाणं शोधत असल्यासारखा पुढे वाकतो. माझ्या वयाच्या माणसाने ती का घेतली होती, हा प्रश्न सगळ्यांनी विचारून झालेला आहे, तुम्ही विचारू नका. चांगली चालत होती. मग एका वळणावर, जिथे बांधकामाची वाळू रस्त्यावर सांडली होती, तिथे तिने मला खाली ठेवलं आणि ती स्वतः पाण्याच्या टँकरखाली गेली. टँकर उभा होता म्हणून वाचलो. वेग फार नव्हता हे मुद्दाम सांगतो, कारण लोक तो धरूनच चालतात. माझं गळ्यापाशीचं हाड मोडलं, गुडघा सोलवटला, गाडीचं भंगार झालं, आणि माझ्या डब्याचं झाकण मात्र उघडलं नाही. बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या डब्याचं कौतुक सांगते.

खरा अपघात त्यानंतर झाला. दवाखान्यात मला दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, आणि त्याच्या अमलात मी स्ट्रेचरवर आडवा पडून जाहीर केलं, "हाड जुळलं की पुन्हा गाडी घेणार. हिच्याहून मोठी. कुणी अडवून दाखवा मला." हे ऐकायला बायको होती, आई होती, बायकोचा भाऊ होता आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी होते, ज्यांना सगळ्यातलं सगळं कळत असल्यामुळे आम्ही तज्ज्ञ म्हणतो. मला स्वतःला यातलं अक्षरही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा बायको डोळे पुसत होती आणि तज्ज्ञ शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "याला म्हणतात जिगर." माझं स्ट्रेचरवरचं वाक्य माझ्या आधी इमारतीत पोचलं. गळ्यात हात बांधून मी घरी आलो तर फाटकावरच्या वॉचमनने उठून उभं राहून विचारलं, "काय रायडर, कधी घेताय मग?" त्याआधी हा माणूस माझ्यासाठी कधी खुर्चीतून हलला नव्हता.

आता खरं काय ते सांगतो. मला भीती वाटत होती. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की चपलेतली माझी बोटं आपोआप जमीन धरायची. शेजारी मिक्सर लागला तरी मी खिडकी लावून घ्यायचो. रस्त्याच्या कडेला वाळूचा ढीग दिसला की मी पायी चालतानासुद्धा पलीकडच्या फुटपाथवर जायचो. आणि मी नोकरी काय करतो, तर लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात बसतो. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं लाल बटण दाबतात आणि फोन माझ्या टेबलावर वाजतो. मी म्हणतो, "घाबरू नका. दार ओढू नका. शांत उभे राहा, माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा निघालेला नसतो, तो चहाला गेलेला असतो, पण माझ्या आवाजाने लोकांना धीर येतो असं वरिष्ठांचं मत आहे. असा माणूस घरी येऊन कुठल्या तोंडाने सांगणार, की मी घाबरलोय? जगाला धीर विकायचा आणि घरात खडखडाट, अशातली गत.

म्हणून मी साधा विचार केला. मी गाडी मागायची, घरचे नाही म्हणतील, मी थोडा रुसेन, दोन दिवस जेवताना बोलणार नाही, आणि मग मोठ्या मनाने माघार घेईन. सगळ्यांची अब्रू शाबूत. आमच्या घरात सगळे निर्णय असेच होतात. आमच्याकडे सरळ कुणी बोलत नाही. दिवाणखान्यात एक हिरवा सोफा आहे. बायकोला वाटलं तो आईला आवडलाय, आईला वाटलं मला आवडलाय, मला वाटलं बायकोचा जीव जडलाय. तिघांनी एकमेकांसाठी होकार दिला आणि आता त्याच्यावर कुणी बसत नाही. पण नकार द्यायची वेळ आली की हे घर पोलादाचं आहे, हा माझा अनुभव होता. भिंतीला मला हवा तो रंग मिळाला नाही. मला हवा होता तो कुत्रा मिळाला नाही. मी मिशी ठेवली तेव्हा घरात सभा भरली होती आणि मिशी गेली. या परंपरेवर मी विसंबलो.

सगळ्यात मोठा भरवसा आईवर होता. आईने आयुष्यात घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला विरोध केलेला आहे. फ्रिज आला तेव्हा ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. मी तिच्या खोलीत गेलो. ती गॅलरीच्या दारात बसून काहीतरी निवडत होती.

"आई, मी परत मोटारसायकल घ्यावी म्हणतोय," मी म्हणालो आणि भांडणासाठी छाती फुगवून उभा राहिलो. हाड दुखलं.

तिने वर पाहिलं नाही. "घे," ती म्हणाली.

"तशीच. स्पोर्ट्सची."

"घे बाबा. तुझे वडील सगळं मनातल्या मनात ठेवून गेले. तू तरी ठेवू नकोस."

 वडिलांच्या मनात काय होतं हे विचारायला हवं होतं, पण त्या क्षणी मला स्वतःचीच पडली होती.

मग बायको. बायको चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ती एकच प्रश्न विचारते, "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" ही सवय घरीही येते. ती स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मी म्हणालो, "जुन्यासारखीच गाडी घेईन म्हणतो." तिचा हात क्षणभर पातेल्यावर थांबला. मला वाटलं, आला, नकार आला. तर ती म्हणाली, "घ्या की. तुमची हौस आहे." आणि पातेलं इतक्या जोरात घासायला लागली की माझं पुढचं वाक्य ऐकू गेलं नसतं. पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतंही.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी शहाणा नव्हतो, मी दुखावलेला होतो. ज्या घराने मला मिशी ठेवू दिली नाही, ते घर मला मरायला मात्र खुशाल परवानगी देतंय, हे मनाला लागलं. म्हणून मी मागणी वाढवली. लोक घासाघीस करताना खाली खाली येतात, मी वर वर गेलो. जेवताना म्हणालो, जुन्यासारखी नको, तिच्याहून मोठ्या इंजिनाची घेतो. बायको म्हणाली, "मोठी गाडी स्थिर असते म्हणतात." मी म्हणालो, तिचा आवाज फार मोठा असतो. आई म्हणाली, "बरं झालं. लोक आपणहून बाजूला होतील." मी शेवटचा बाण काढला आणि म्हणालो, रंग पिवळा. झगझगीत पिवळा. या घरात पिवळ्या रंगाचा रुमालसुद्धा कधी टिकलेला नाही. आईने घास चावून संपवला आणि म्हणाली, "पिवळा लांबून दिसतो. ट्रकवाल्याला कळेल कुणीतरी येतंय म्हणून."

राहिले डॉक्टर. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि बघत राहिले. मी सुचवून पाहिलं. "वाकून बसायची गाडी आहे, डॉक्टर. खांद्यावर फार जोर येतो. तुम्ही नको म्हणत असाल तर मी काय, ऐकेन."

"बिनधास्त चालवा," ते म्हणाले. "उलट जितक्या लवकर बसाल तितकं बरं. भीती एकदा मनात घर करून बसली की निघत नाही."

"मला कुठली भीती," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या बायकोला त्यांनी, अपघाताच्या दिवशीसारखंच, पुन्हा वेगळं बोलावून काहीतरी सांगितलं. मला वाटलं गोळ्यांचं सांगत असतील.

तज्ज्ञांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि आयुष्यभर सायकलवर फिरले. त्यामुळे त्यांना मोटारसायकलींची खडान्‌खडा माहिती आहे. रोज संध्याकाळी ते वर यायचे, हिरव्या सोफ्यावर बसायचे (त्यावर बसणारे ते एकटेच) आणि बायकोने केलेला चहा पीत मला इंजिनाची जात समजावून सांगायचे. "तुम्ही मागचं चाक रुंद असलेलीच घ्या. रुंद चाकाचं काय असतं, ते जमीन सोडत नाही." मी विचारलं, पण वाळू असेल तर? ते म्हणाले, "वाळूचं काय, वाळू ही मनात असते." माझ्या खांद्यात त्या वाळूतून आलेल्या पट्ट्या आणि स्क्रू आहेत, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

सगळे फिरले तरी सरकारी कचेरी फिरणार नाही असा मला विश्वास होता. जुनी गाडी भंगारात गेली की तिची नोंद रद्द करावी लागते, ती रद्द झाल्याचा कागद मिळाल्याशिवाय विमावाले पुढचं काही करत नाहीत, आणि तो कागद मिळता मिळता माणसाची हौस, वय आणि कधी कधी वारससुद्धा संपतात, असं मी ऐकून होतो. मी मुद्दाम अर्धवट कागद घेऊन गेलो. फोटो विसरलो. एका अर्जावर सही केली नाही. खिडकीवर लांबलचक रांग बघून मला गहिवरून आलं. तेवढ्यात मागून मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. जिथे त्याची ओळख नाही अशी एकही कचेरी जगात नाही.

"भावजी, रांगेत कशाला? आतले साहेब आपल्या ओळखीचे आहेत."

"रांगेचा मान ठेवावा माणसाने," मी म्हणालो.

"तुमचा अपघात झालाय, तुमचा मान आधी," असं म्हणून त्याने मला दंडाला धरून, नेमक्या दुखऱ्या बाजूला, आत नेलं. आतल्या साहेबांनी माझे अर्धवट कागद पाहिले, स्वतःच्या हाताने पूर्ण केले, राहिलेल्या सहीच्या जागी बोट ठेवून सही घेतली, चहा पाजला आणि कागद माझ्या हातात दिला. वर म्हणाले, "माझीही फार इच्छा होती हो अशी गाडी घ्यायची. घरचे नाही म्हणाले."  आपण किती भाग्यवान आहोत याची त्या माणसाला कल्पना नव्हती.

शोरूमला आम्ही सहकुटुंब गेलो, तज्ज्ञांसह. सेल्समन मला "सर" म्हणत होता आणि माझ्या गुडघ्याकडे बघत होता. त्याने चालवून बघायचा आग्रह केला. मी म्हणालो, खांदा अजून जरा कच्चा आहे. मग तो म्हणाला, "तर मग मागे बसा सर, मी फिरवून आणतो," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यासारखे चेहरे केले. त्या गाड्यांना मागे बसायची जागा म्हणजे पानपट्टीवरच्या स्टुलाएवढी. मी बसलो. ती चक्कर कशी झाली ते मला सांगता येणार नाही, कारण डोळे मिटलेले होते. परत आल्यावर सेल्समनच्या जाकिटावरून माझी मूठ सुटेना. त्याने एकेक बोट सोडवलं आणि मोठ्याने म्हणाला, "सरांना गाडी सोडवत नाहीये." सगळे हसले. बायको हसली नाही. तिने निळ्या आणि पिवळ्या गाडीकडे आळीपाळीने बोट दाखवून मला विचारलं, "हा बरा, की मघाचा बरा?"

त्या वेळी मी सांगू शकलो असतो. तिच्या डोळ्यांकडे बघून नुसतं "चल, घरी जाऊ" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तज्ज्ञ मागच्या चाकाची रुंदी वितीने मोजत होते आणि आई खुर्चीत बसून माझ्याकडे अशी कौतुकाने बघत होती, जशी मी शाळेत बक्षीस घेताना कधी बघू शकली नव्हती, कारण मला बक्षीस मिळालंच नाही. मी म्हणालो, "पिवळा."

गाडी शोरूमचा माणूस चालवत घेऊन आला. पार्किंगमध्ये अर्धी इमारत जमली होती. "काढा एक चक्कर," तज्ज्ञ म्हणाले.  संकटात डोकं चालतं हे खरं आहे. मी गंभीरपणे म्हणालो, "आज नको. नव्या इंजिनाला एक रात्र गार होऊ द्यावं लागतं." हे मी त्याच क्षणी बनवलं होतं. आपल्याला माहीत नाही असं काही जगात असू शकतं हे मान्य करण्यापेक्षा तज्ज्ञांनी मान डोलावली. "बरोबर. मी तेच सांगणार होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाकीट, हातमोजे आणि हेल्मेट घालून खाली उतरलो, आणि गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली. वॉचमनने विचारलं, तर म्हणालो, "एवढ्या सकाळी आवाज नको. लोक झोपलेले असतात." वळणापर्यंत ढकलली. तिथून लाँड्रीच्या मागच्या गल्लीने ढकलत बस डेपोच्या स्टँडवर नेली, कुलूप लावलं आणि बसने कामावर गेलो. संध्याकाळी उलट, तेव्हा कारण मुलांच्या अभ्यासाचं. ती गाडी किती जड आहे हे तिच्या मालकांमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. मोठ्या इंजिनाचा हट्ट मीच धरला होता.

याचे परिणाम झाले. माझ्या सभ्यपणाची इमारतीत वाहवा झाली आणि तज्ज्ञांनी पुढाकार घेऊन फलक लावला, की यापुढे सर्वांनी दुचाकी वाहने फाटकापर्यंत ढकलत न्यावीत. तेव्हापासून ज्यांच्याकडे स्कूटर आहे ती सगळी मंडळी मला जिन्यात ओळख देत नाहीत. बसमध्ये कंडक्टर पहिल्या दिवशी हेल्मेटकडे बघून म्हणाला, "गाडी बंद पडली वाटतं." मी हो म्हणालो. पुढच्या दिवशीही तेच. मग एक दिवस तो कळवळून म्हणाला, "विकून टाका हो. असली गाडी काय कामाची." शोरूममधून पहिल्या सर्व्हिसिंगसाठी फोन यायला लागले. मेहुणा विचारायचा, "भावजी, कशी पळते?" मी म्हणायचो, "हवेसारखी." टेबलावर फोन वाजला की मी अडकलेल्या माणसांना सांगायचो, घाबरू नका. एकदा पलीकडची बाई म्हणाली, "तुम्हाला काय जातंय सांगायला." तिचं चुकलं नव्हतं.

मला वाटायचं, फसवणूक आहे खरी, पण कुणाचं वाईट होत नाहीये. मी सुखरूप, घरचे खूश, फक्त माझी पाठ दुखते. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कुठलाही वकील हरवू शकत नाही.

मग एक दिवस बायकोला दुकानाने दुसऱ्या शाखेत चष्मे द्यायला पाठवलं. मला हे माहीत नव्हतं. मी खिडकीशी बसलो होतो, हेल्मेट मांडीवर. पुढच्या स्टॉपवर ती हातात खोके सांभाळत बसमध्ये चढली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी हेल्मेट डोक्यात घातलं आणि काच खाली ओढली.

भरल्या बसमध्ये पिवळ्या पट्ट्यांचं जाकीट घालून, हेल्मेटची काच लावून बसलेला माणूस लपतो, असं ज्याला वाटतं त्याने एकदा करून बघावं. ते जाकीट तिनेच पसंत केलं होतं. ती सरळ आली, माझ्या शेजारच्या माणसाला म्हणाली, "जरा सरकता का," आणि बसली. माझ्याकडे बघितलं नाही. खोके मांडीवर नीट ठेवले. कंडक्टर आला तेव्हा म्हणाली, "दोन द्या. एक माझं, एक यांचं."

"यांचा पास आहे, बाई," कंडक्टर म्हणाला.

तिने एकच तिकीट घेतलं. बस दोन-तीन स्टॉप गेली. माझ्या श्वासाने काच पांढरी झाली होती आणि मला जग दिसत नव्हतं, हीच त्यातल्या त्यात सोय होती.

"काच वर करा," ती म्हणाली. "गुदमराल."

मी वर केली.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"भीती वाटते?"

"हो," मी म्हणालो. किती छोटा शब्द आहे.

ती रागावेल असं मला वाटलं, हसेल असंही वाटलं. ती समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत बोलत राहिली. "डॉक्टर अपघाताच्या दिवशीच म्हणाले होते, यांना अडवू नका, मनाने खचतील. मी म्हटलं, घेऊ देत. आईंनाही मीच सांगितलं, नाही म्हणू नका. तुम्ही गाडी मागायला आलात ना, त्या रात्री आई झोपल्या नाहीत. तुम्ही सकाळी निघालात की त्या गॅलरीत उभ्या राहतात. तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात की खुर्ची ओढून तिथेच बसतात. संध्याकाळी तुम्ही परत येईपर्यंत जेवत नाहीत. मला म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, त्याचा आनंद जाईल. आणि माझं म्हणाल, तर दुकानात फोन वाजला की मी हातातली काच तशीच सोडून धावते. मागे एका माणसाला मी चष्म्याचा चुकीचा नंबर काढून दिला. तो बिचारा दोन दिवस पायऱ्या चुकत होता."

 एवढे दिवस दोन बायका अर्धमेल्या होऊन एका माणसाच्या जिवाला जपत होत्या, आणि तो माणूस बसमध्ये खिडकीशी वाऱ्याला बसून जात होता. मी आयुष्यात कधी इतका सुरक्षित नव्हतो, आणि त्यांनी मला रोज मनातल्या मनात टँकरखाली पाहिलं.

"तू तरी नाही म्हणायचंस," मी म्हणालो.

"तुम्ही तरी नको म्हणायचंत," ती म्हणाली.

तिचा स्टॉप आला. उठता उठता तिने खोके सावरले आणि म्हणाली, "आज आईंना सांगा. सरळ सांगा, आपल्याकडच्यासारखं नको."

संध्याकाळी मी गाडी ढकलत आणली. वर पाहिलं, तर आई गॅलरीत होती. आजवर मी वर पाहिलंच नव्हतं, कारण ढकलताना मान वर होत नाही. वर जाऊन हेल्मेट काढलं, तिच्यासमोर बसलो, आणि आमच्या घराच्या इतिहासात कुणी बोललं नसेल इतकं सरळ बोललो. "आई, मी गाडी चालवत नाही. मला भीती वाटते. मी रोज बसने जातो. तू काळजी करू नकोस."

 आईने माझ्या दुखऱ्या खांद्यावरून हात फिरवला.

"हिने सांगितलं ना तुला, मी जेवत नाही म्हणून? सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"तसं नाही, आई. खरंच बसने जातो. हा बघ पास."

तिने पास हातात घेतला, चष्म्याशिवाय लांब धरून पाहिला आणि परत दिला. "असू दे. अडीअडचणीला असावा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून बोलतोस, कळतं मला. तुझे वडील कारखान्यात उंचावर काम करायचे, आणि मला सांगायचे, मी खाली टेबलाशी बसतो. लग्नापासून शेवटपर्यंत तेच सांगितलं. मी पण हो हो म्हणायची."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, खरंच सांगतायत. मी बसमध्ये पाहिलं यांना."

"तू तर त्याचीच बाजू घेणार," आई मायेने म्हणाली.

आता एकच उपाय उरला होता. मी म्हणालो, "बरं, मग मी गाडी विकूनच टाकतो. मग तर झालं?"

आई खुर्चीतून उठली. फ्रिज आला तेव्हा उठली होती, मिशीच्या वेळी उठली होती, अगदी तशीच उठली. तिचा तो जुना, पोलादी आवाज कितीतरी महिन्यांनी मला ऐकू आला.

"नाही," आई म्हणाली. "गाडी विकायची नाही. माझ्यापायी तू मन मारलंस तर मी तोंडात पाण्याचा घोट घेणार नाही. हे माझं शेवटचं."

ज्या शब्दासाठी मी दारोदार फिरलो तो शब्द मला मिळाला. मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं.  आई समाधानाने आत गेली आणि थोड्या वेळाने आतून तिच्या ताटाचा आवाज आला.

सकाळी मी जाकीट, हातमोजे, हेल्मेट चढवून खाली उतरलो. फाटकाशी गाडी नेली आणि या वेळी मान वर करून पाहिलं. आई कठडा धरून उभी होती.

"हळू चालव रे," ती वरून म्हणाली.

मी हात वर केला आणि गाडी ढकलत निघालो.